केतकीचा नकार

लग्न ठरवण्याआधी मुलामुलीने कानामागे टिपणयंत्र लावून दिवसभर शहर हिंडायचं आणि संध्याकाळी एकमेकांच्या मनात आलेले विचार ऐकायचे, अशी आता रीतच पडली होती. केतकी आणि निनाद सोलापूरभर हिंडले. तिला तो आवडलाही होता.

केतकीच्या टिपणात चावणारी चप्पल होती, तलावाकाठी दिसलेलं कुणाचंतरी भांडण होतं, निनादच्या मोठ्या कानांचं आलेलं हसू होतं. निनादच्या टिपणात सकाळपासून फक्त केतकी होती. तिचे डोळे, तिचं बोलणं, तिचे संस्कार, सगळं पाठ केल्यासारखं.

केतकीने नकार कळवला.

"अगं, इतके चांगले विचार असलेला मुलगा पुन्हा मिळणार आहे का?" आत्या चिडली.

"आत्या, भर मे महिन्यात दिवसभर हिंडलो," केतकी म्हणाली, "आणि त्याला मनातसुद्धा एकदाही तहान लागली नाही."