आपल्यात कोण घेतं?

“शुद्ध केलेलं सांडपाणी आपण बागेला घालतो ना, त्यात डिप्रेशनच्या गोळ्यांचा अंश सापडलाय,” सोसायटीच्या सेक्रेटरीबाई लॅबचा रिपोर्ट वाचत म्हणाल्या. “आपल्यात कोण घेतं गं?”

हशा पिकला. मी मान खाली घातली. समोर वैजयंती बसली होती. तिचं टापटीप घर, हौशी नवरा, सदा हसरा चेहरा. बघूनच माझा जळफळाट व्हायचा. हिला कशाला लागतील गोळ्या!

मीटिंगनंतर जिन्यात तिनेच माझा हात धरला. “तू हसली नाहीस, म्हणून सांगते. मी घेते.”

“अगं, मीपण!” पहिल्यांदाच ती मला आपली वाटली. “किती पॉवरची?”

“पाचची. पुढच्या महिन्यात तीही बंद.”

माझी नुकतीच वीसची झाली होती. मी हात सोडवून घेतला.