जिन्यातला फोन

मालकांनी केबिनच्या काचेआडून बोट वाकवून तिला बोलावलं. त्यांच्या कानाला हेडफोन होता. म्हणजे ते कालचे कॉल ऐकत होते. शेअर दलालाच्या त्या ऑफिसात गिऱ्हाइकाचा प्रत्येक शब्द रेकॉर्ड व्हायचा, आणि गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी फोनवर घेऊन बाजारात टाकणं हेच तिचं काम होतं.

ती उठली. शेजारच्या खुर्चीवरचा म्हणाला, "काय वहिनी, पगारवाढ वाटतं?" तिला हसू फुटेना.

तिचं पाप तिला माहीत होतं. निवृत्त शिक्षकांच्या निधीची ऑर्डर नेहमी मोठी असायची. ती बाजारात पडली की शेअरचा भाव चढणार, हे ठरलेलं. म्हणून त्यांचा फोन येऊन गेला की ती आधी जिन्यात जायची आणि आपल्या मोबाइलवरून दिराच्या कानात शेअरचं नाव घालायची. तो स्वस्तात घेऊन ठेवायचा. मग ती जागेवर येऊन शिक्षकांची ऑर्डर टाकायची. तोवर भाव थोडा वर सरकलेला असायचा. थोडाच, पण भुर्दंड शिक्षकांना. दिराने गळ घातली होती, मुलीची फी तोच भरत होता, आणि नाही म्हणायची तिची छाती झाली नव्हती.

परवा मात्र निधीच्या कारकुनाने फोनवर सहज विचारलं, "बाई, आमची ऑर्डर पडायच्या आधीच भाव कसा हो चढतो दर वेळी?" तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना. काल शिक्षकांचा फोन आला तेव्हा ती जिन्याकडे फिरकलीच नाही. फोन खाली ठेवायच्या आतच ऑर्डर टाकून मोकळी झाली. कितीतरी दिवसांनी शिक्षकांना त्यांचा हक्काचा भाव मिळाला.

आणि आजच हे बोलावणं. कारकुनाने तक्रार केली असणार. नोकरी जाणार, वर पोलीसही येतील. मुलीला काय सांगायचं?

मालकांनी दार लावून घेतलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"काल शिक्षकांची ऑर्डर थेट टाकलीस?"

तिला रडूच कोसळलं. "साहेब, चुकले मी. आजवर आधी दिराला सांगत होते. पण काल नाही सांगितलं, मुलीची शपथ! यापुढे कधीच..."

"माहीत आहे मला." मालकांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. आवाज अगदी मऊ होता. "शिक्षकांचा फोन आला की मीही इथे ऐकत असतो. तू जिन्यात गेलीस की मी माझी खरेदी उरकून घेतो. काल हात चोळत बसलो. उद्यापासून दिराला फोन चुकवायचा नाही."