सरकलेली रेघ

रेघ सरकली होती. फार नाही, नखाच्या जाडीएवढी. गोपाळरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी ती सरकलेलीच होती.

शाफ्ट मिलिंग मशीनवर बांधून झाला की मार्करने एक रेघ ओढायची, अर्धी शाफ्टच्या तोंडावर आणि अर्धी खालच्या ठोकळ्यावर, ही त्यांची तीस वर्षांची रीत. मग बारीक कटरचा पहिला हलका हात फिरवायचा, मशीन थांबवायचं आणि रेघ बघायची. सलग असली तर शाफ्ट जागच्या जागी आहे. तुटली असली तर कटरच्या जोराने तो गुपचूप फिरला. गोल लोखंडाचा काही भरवसा नसतो. चौकोनी तुकडा शिकंज्यात धरला की मुकाट बसतो. गोलाला मात्र व्ही-ब्लॉकच्या खाचेत निजवावं, वरून पट्ट्या टाकाव्या, चारही बोल्ट जीव खाऊन आवळावे, तेव्हा कुठे तो ऐकतो.

आणि गोपाळरावांच्या उजव्या खांद्यात आता तेवढा जीव राहिला नव्हता. पाना अर्ध्यावर आला की कळ निघायची आणि हात आपोआप सैल पडायचा. हे त्यांनी घरी बायकोला, कांताबाईंनाही, सांगितलं नव्हतं, उन्मेषशेठला तर नाहीच नाही. ज्याला बोल्ट आवळता येत नाही त्याला मिलिंगवर कोण ठेवील? आणि साठी उलटलेल्याला दुसऱ्या शेडमध्ये कोण उभं करील?

मे महिन्याची दुपार होती. हिंगण्याच्या त्या शेडचा पत्रा तापून निघाला होता, कूलर गरम हवाच इकडून तिकडे फेकत होता. उन्मेषशेठने केबिनच्या दारातून डोकं बाहेर काढलं.

"गोपाळकाका, झालं का? कोराडीची गाडी चार वाजता येऊन राहिली."

"होऊन राहिलं," गोपाळराव म्हणाले आणि शाफ्टच्या तोंडासमोर आडवे उभे राहिले.

थिनरचं फडकं हाताशीच होतं. रेघ पुसायची, नवी ओढायची, संपलं. गिअर शाफ्टवर घट्ट धरणारी लोखंडी चावी बसवायला दोन्ही टोकांना एकेक खाच हवी होती. पहिली काल झाली होती, ही दुसरी. दोन्ही एका ओळीत आल्या नाहीत तर तिकडे गिअर चढवताना अडेल, तिकडचा फिटर दोन शिव्या हासडेल आणि चावी घासून, ठोकून कशीतरी बसवेल. शाफ्ट चार महिन्यांत तिथेच तुटेल, पण तोवर कोण कोणाचं नाव काढतो! नाही पुसली, तर पहिल्या खाचेशी मिळवून सगळं नव्याने लावायचं. बिघडलं अजून काहीच नव्हतं. पण चारही बोल्ट पुन्हा आवळायचे होते. नुसत्या विचारानेच खांदा ठणकला. माणूस एका दिवसात थकतो ते झोपून उठलं की जातं. गोपाळरावांचं हे थकणं रोज सकाळी त्यांच्याबरोबरच उठत होतं.

फडकं रेघेला टेकलं. तेवढ्यात त्यांचा डावा हात शाफ्टच्या अंगावरून फिरला. शेजारच्या लेथवर काम करणाऱ्या मायाने दोन दिवस उभं राहून तो कातून उतरवला होता. हाताला कुठे एक ओरखडा लागत नव्हता. गोपाळरावांनी स्वतःलाच एक शिवी दिली आणि फडकं खाली टाकलं.

माया आली तेव्हा अडीच वाजले होते. सासूला रामदासपेठेत दवाखान्यात दाखवून ती थेट कामावर आली होती. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडत सोडत ती आपल्या लेथकडे न जाता मिलिंगकडेच वळली. तिने वाकून पाहिलं.

"सरकला ना काका?"

"माया, माह्या हातानं बोल्ट आवळल्या जात नाही वं."

एवढं बोलायला त्यांना कित्येक महिने लागले होते. बोलून झाल्यावर ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे नवल म्हणून काही उमटलं नाही.

"मालूम आहे मले," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तान्ह्या पोळ्यापासून. जॉब बांधून तुम्ही चहाले जाता न, तवा मी चारही बोल्टले पाव पाव चक्कर मारून घेत होती. आज दवाखान्यात नंबरच लागला नाही लवकर."

पोळ्यापासून. म्हणजे नऊ महिने. नऊ महिने सलग रेघ पाहून गोपाळराव मनाशी म्हणत आले होते, दुखतं तर दुखू दे, पकड अजून गेली नाही. त्यांना लाज वाटली. मग राग आला, आणि तोही फार वेळ टिकला नाही, कारण टिकवायचं म्हटलं तरी ताकद लागते.

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी घरी बसले असते."

ते खरंच होतं. माया केबिनकडे नजर ठेवून हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही चहा पिऊन या, काका. तोवर मी लावून ठेवतो."

गोपाळराव हलले नाहीत. केबिनचं दार सताड उघडं होतं आणि उन्मेषशेठ फोन कानाला लावून इकडेच बघत होता. गोपाळरावांनी पाना उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"शेठ पाहून राहिले, काका."

"पाहू दे," ते म्हणाले. "आवळ माह्यासमोर."