निळा मका

अमेरिकेत ओहायो नदीकाठी गोऱ्या वसाहतवाल्यांचा जुना किल्ला पुन्हा जसाच्या तसा उभारला, तेव्हापासून तिथली बाग लोरेटा सांभाळायची. लांब झगा, डोक्याला टोपडं, अगदी पहिल्या वसाहतवाल्यांच्या बाईसारखी. दर वर्षी तिच्या पांढऱ्या मक्यात चार निळी कणसं न पेरता उगवायची. "आमच्या खापरपणज्यांचं बियाणं हे, मातीत झोपलेलं," ती पाहुण्यांना कौतुकाने सांगायची.

म्हणून पेरणीच्या दिवसांत तिथल्या मूळच्या शॉनी आदिवासी जमातीची एक म्हातारी वाफ्यात गुडघे टेकून माती उकरताना दिसली, तेव्हा लोरेटाच्या मनात पाल चुकचुकली.

"आजीबाई, मागच्या वसंतातही तुम्हीच होतात ना इथे? ती पिशवी दाखवा बघू."

"घे की. माझे हात मातीचे आहेत, तूच उघड. झडतीची हौस तरी फिटेल."

पिशवी रिकामी होती. शिवणीत एक निळा दाणा तेवढा अडकला होता.

"बाकीचं बियाणं कुठे लपवलंत?"

म्हातारीने तान्ह्याला निजवावं तसा तो वाफा हलकेच थोपटला.



"किल्लेवाले आमची शेतं जाळायला आले, तेव्हा आमच्या पणज्यांनी लपवलं होतं तिथेच, पोरी."