फोटोपुरतं झाकण

“ते लाल झाकण पुन्हा लावा, फोटोत उठून दिसतं,” कॅमेऱ्यासाठी केस सारखे करत संचालक म्हणाले. बंद पडलेल्या दळणवळण उपग्रहाच्या जागी उद्या नवा जाणार होता. ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या त्याच्या डोळ्यावरचं झाकण इंजिनियरबाईंनी नुकतंच काढून खिशात टाकलं होतं. “नाही लावणार.” “अहो बाई, फोटोपुरतंच!” “मागच्या वेळीही फोटोपुरतंच होतं. काढायचं राहिलं, उपग्रह वर आंधळी कोशिंबीर खेळत बसला, आणि घरी कोणाला बसवलंत? माझ्या नवऱ्याला!” संचालक कुजबुजले, “हळू बोला. रॉकेट तर सुखरूप परत आलं ना? त्याच रॉकेटवर हाही चाललाय.” खिशातलं झाकण मुठीत आवळून त्या कडाडल्या, “रॉकेट परत येतं, साहेब. तेव्हाचं झाकण अजून वरच फिरतंय. तेव्हाचा फोटो तुमच्याच खोलीत मिरवतोय. झाकण लावणारा हात कोणाचा, एकदा चष्मा लावून बघा.”