पंचफुलाची तहान

सरकी वेगळी करणाऱ्या जिनात कापूस टाकता टाकता पंचफुला उठली, तसं साहेबानं हातातल्या घड्याळाचं बटण दाबलं. सकाळपासूनची तिची ही सातवी खेप.

साहेब जर्मनीत शिकून आलेला. तिथं म्हणे एक बाई चार बायांचं काम करते, आणि वर तोंडातून ब्र काढत नाही. दारव्ह्याच्या या जिनिंगातही तसंच व्हावं म्हणून शेठनं त्याला मुद्दाम बोलावलं होतं. कोण किती वेळ वाया घालवतं ते साहेब मोजणार, आणि जिचा सगळ्यांत जास्त भरेल ती उद्यापासून घरी. हे ऐकल्यापासून बाया खोकायलाही भीत होत्या. पंचफुलाच तेवढी घटकेघटकेला पाण्याला उठे. शेजारची नलू तिला डोळ्यांनी खुणावून थकली. पंचफुलाच्या घरी दोन पोरं, नवरा खाटेला खिळलेला. या बाईला झालं तरी काय, तिला कळेना.

पाण्याचे माठ दोन. एक दारातच, चार पावलांवर; तो सगळ्यांचा. दुसरा पार सरकीच्या ढिगापलीकडं, बाभळीखाली. तो पंचफुला आणि नलूचा. दोघी बौद्ध झाल्या त्याला तीन वर्षं झाली होती. माठ मात्र अजून जुन्याच धर्मात होता.

"बाई, दारातला माठ सोडून एवढ्या लांब कशाला जाता?" साहेबानं विचारलं.

"ते बबनरावले पुसा, साहेब."

बबनराव म्हणजे जिनिंगचे दिवाणजी. एरवी जीभ कातरीसारखी. आता टोपी काढून डोकं खाजवू लागले. खरं सांगावं तर कायदा झालेला, न सांगावं तर साहेब हटत नाही. शेवटी म्हणाले, पहिल्यापासून तसंच आहे. साहेब भडकला. एका बाईचा अर्धा तास मातीत, आणि कारण काय, तर पहिल्यापासून! दोष बाईचा नाही, माठाचा आहे, असं त्यानं वहीत लिहिलं आणि लांबचा माठ त्याच संध्याकाळी उचलायला लावला. शेठनंही मान डोलावली. जर्मनीची गोष्ट, नाही कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलानं दारातल्या माठातून पेला भरला. बायांनी माना वळवून पाहिलं. बबनराव आढ्याकडं बघत राहिले. तिनं सावकाश पाणी प्यायलं, पेला पालथा घातला आणि जिनावर जाऊन बसली. साहेब घड्याळ घेऊन उभाच होता. दिवसभरात ती पुन्हा एकदाही उठली नाही. आपली युक्ती लागू पडली म्हणून साहेब भलताच खूश झाला.

सुटी झाल्यावर नलूनं तिला गाठलं. "काल सात खेपा, आज एकच. आज तहान नाही लागली काय वो?"

"मले त कालबी नव्हती लागली," पंचफुला म्हणाली.