काढ्याचा वास

सासूबाईंनी तिसऱ्यांदा झाकण उचललं, आत नाक खुपसलं आणि झाकण परत आदळलं. छे! काही म्हणजे काही कळेना.

पातेल्यात आलं, मिरी, ओवा आणि पुदिना रटरटत होता. काढा सुनेसाठी. अकरा वाजता तिची मुलाखत, स्टेशनवर घोषणा करायच्या नोकरीची, आणि नेमका आजच घसा बसलेला!

काढा वासावर उतरवायचा. वास फिरला की गॅस बंद. लवकर उतरवला तर नुसतं गरम पाणी, उशीर झाला तर कडूजहर; घसा होता तोही जायचा. सासूबाईंची उभी हयात यात गेली. सर्दी-खोकला झाला की अख्खी इमारत त्यांच्याकडे येई. घड्याळ लावून काढा करणाऱ्या शेजारणीला तर त्या तोंडावर हसल्या होत्या, "काढा आहे बाई, आगगाडी नव्हे!"

आणि चार महिन्यांपूर्वी ताप आला, तेव्हापासून त्यांना कसलाच वास येईना. सांगतात कुणाला! निभत होतं ते सुनेमुळे. काढा जमला की ती असेल तिथून ओरडे, "आई, काय वास सुटलाय हो!" की यांनी गॅस बंद केलाच. बिचारीला पत्ताही नव्हता.

पण आज तिचंच नाक चोंदलेलं. आता कोण ओरडणार? सासूबाईंनी ओटा पुसला, पुसलेला परत पुसला. भिंतीवरच्या घड्याळाकडे मान काही वळेना. माझ्या ताठ्यापायी पोरीची नोकरी जायची! सांगून टाकावं झालं. त्या दाराकडे वळल्या.

"आई," आतून फाटका आवाज आला, "काय वास सुटलाय हो!"

हात सवयीने गॅसकडे गेला. बंद केला, आणि मग त्या तिथेच थबकल्या.

कप घेऊन त्या आत गेल्या. सून पलंगावर बसली होती, नाकाला रुमाल लावून. दुसऱ्या हातातलं मनगटी घड्याळ तिने घाईघाईने उशीखाली सरकवलं.

सासूबाईंनी कप तिच्या हातात दिला. तिने शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग उशीखाली हात घालून त्यांनी घड्याळ काढलं आणि पदराने पुसलं.

"नोकरी लागली की तू काही दिवसभर घरी नसायचीस," त्या म्हणाल्या. "किती मिनिटं लागतात गं?"